आकाशात दिवा दिसला? आधी दौंडला फोन लावा



आज एक मत मांडायचं आहे, आणि ते जरा आग्रहानेच मांडणार आहे. शिरूर-दौंड भागातल्या प्रत्येक मुलाला शाळा सोडण्याआधी रात्रीच्या आकाशात सरकणारा दिवा नुसत्या डोळ्यांनी ओळखता आला पाहिजे. विमान कोणतं, उपग्रह कोणता, ड्रोन कोणता आणि जागचा न हलणारा शुक्र कोणता, हे त्याला सांगता यायला हवं. पोहता येणं, सायकल चालवता येणं, सातबारा वाचता येणं याच रांगेत मी हे कौशल्य बसवतो. हा निव्वळ छंदाचा विषय आहे असं मला वाटत नाही.

कारण सांगतो. २०२४ चा पावसाळा आठवून पाहा. जून-जुलैमध्ये शिरूर, दौंड, बारामती, जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांत रात्री ड्रोन घिरट्या घालतात अशी बोलवा उठली. पुढे ती नगर, बीड, जालना, छत्रपती संभाजीनगरकडे पसरली. चोर ड्रोनने घरं टिपतात, मग दरोडा पडतो, असं जो तो सांगू लागला. गावोगावची तरुण पोरं काठ्या-बॅटऱ्या घेऊन रात्र जागवू लागली. विधिमंडळाच्या अधिवेशनातही हा विषय निघाला. वस्तीवर राहणाऱ्या माणसाची भीती खोटी नव्हती. आपल्याकडे शेतीपंपाची लाईट अनेकदा रात्रीच्या पाळीला येते, उसाला दारं धरायला बारा-एक वाजता उठावं लागतं, बांधाला बिबट्या असतो तो वेगळाच. अशा माणसाला डोक्यावर दिवा फिरताना दिसला तर त्याने घाबरू नये असं म्हणणं सोपं आहे, पण ते शहाणपणाचं नाही.

मात्र भीतीपाठोपाठ संशय येतो आणि संशय बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर बसतो. रात्री आपल्या शिवारात अनोळखी माणूस कोण असतो? कोपीत राहणारा ऊसतोड कामगार, वाडा घेऊन फिरणारा मेंढपाळ, बहुरूपी, गोसावी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे काय झालं ते विसरू नका. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशी मोबाइलवरची अफवा होती, आणि त्या अफवेवर जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. त्यातली बहुतेक माणसं सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातली, भिक्षा मागायला आलेली. तिथे ड्रोन नव्हता की दिवा नव्हता. पण गोष्टीची चाल तीच असते. काहीतरी दिसतं किंवा ऐकू येतं, त्याला नाव देण्याची घाई होते, आणि नाव एकदा पडलं की ते कुणावर तरी चिकटवायला माणूस लागतो.

म्हणून नाव देण्याची घाई थांबवायची असेल तर पाहणं शिकवलं पाहिजे. आणि हे शिकवायला दुर्बीण लागत नाही.

पहिली गोष्ट उपग्रहाची. कृत्रिम उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो. हे वाक्य मुलांकडून तीनदा म्हणवून घ्या. तो दिसतो तो सूर्याच्या उजेडामुळे. मावळतीला आपल्या अंगणात सावली आलेली असते, तरी उंच उडणाऱ्या घारीच्या पंखांवर अजून ऊन असतं, हे तुम्ही पाहिलं असेल. उपग्रह म्हणजे चारशे-पाचशे किलोमीटर उंचावरची तीच घार. आपल्याकडे अंधार पडतो, तिच्यावर ऊन राहतं, म्हणून ती चमकते. थोड्या वेळाने पृथ्वीची सावली तिच्यापर्यंत चढते आणि ती विझते.

आता यातून एक पक्की परीक्षा निघते. ४२० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह आपल्या डोक्यावर आला असताना उन्हात असायचा तर सूर्य क्षितिजाखाली सुमारे २० अंशांपेक्षा खोल गेलेला चालत नाही. आपल्या अक्षांशावर सूर्य तासाला साधारण १४ अंश खाली उतरतो. म्हणजे सूर्यास्तानंतर दीड तासाच्या आत हा खेळ डोक्यावर संपतो. ५५० किलोमीटर उंचीवरच्यांना आणखी दहा-बारा मिनिटं मिळतात. पश्चिमेला खाली क्षितिजाजवळ मात्र अडीच-तीन तासांपर्यंत काही दिसू शकतं. पहाटे हेच सगळं उलट्या क्रमाने. म्हणून रात्री बाराच्या सुमारास कुणी सांगितलं की डोक्यावरून ठळक दिवा सरकत गेला, तर तो जवळच्या कक्षेतला उपग्रह नाही, हे तुम्ही घरात बसून सांगू शकता. कागद-पेन्सिल पुरते.

दुसरी परीक्षा तर याहून सोपी आहे, आणि २०२४ च्या जून-जुलैला ती फार उपयोगाची होती. ढग. आभाळ भरलेलं असेल आणि दिवा ढगांच्या खाली दिसत असेल तर तो उपग्रह नाही, तारा नाही, ग्रहही नाही. विषय संपला. तेव्हा मला कुणी विचारलं, की गुरुजी, म्हणजे तुमचं म्हणणं ते सगळे उपग्रहच होते का, तर मी नाही म्हणेन. काही ठिकाणी ड्रोन असणारच. ते कुणाचे, कशासाठी, परवानगी होती का, हे पोलिसांचं काम. माझं म्हणणं एवढंच की शंभर जणांनी शंभर दिवे पाहिले आणि सगळ्यांना एकच नाव दिलं, तर त्यातला खरा ड्रोनसुद्धा सापडत नाही. पोलिसांचीही रात्र त्या खोट्या फोनमागे धावण्यात जाते.

चूक फक्त खेड्यातली माणसं करतात असं समजू नका. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखच्या सीमेवर आपल्या लष्कराने आकाशातल्या अज्ञात वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या. चीनचे टेहळणी ड्रोन असावेत असा संशय होता. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांना बोलावलं. त्यांनी सांगितलं, हे गुरू आणि शुक्र आहेत. मला या गोष्टीत लष्कराची चेष्टा करावीशी वाटत नाही. उलट कौतुक वाटतं, कारण त्यांनी नोंदी ठेवल्या होत्या. वेळ, दिशा, उंची लिहिलेली होती म्हणून तर शास्त्रज्ञांना उत्तर काढता आलं. आपल्याकडे राहतो तो डगमगत काढलेला व्हिडिओ आणि 'बघा बघा' असा आवाज. त्यावरून कुणाचा बापही काही सांगू शकत नाही.

मग नोंद कशी करायची? हात लांब करा आणि मूठ आवळा. आकाशात त्या मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. मुलाचा हात लहान, पण मूठही लहान, त्यामुळे हिशोब जमतो. आपल्याकडे ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर असतो, म्हणजे एकावर एक दोन मुठी ठेवल्या की तिथे पोचतो. हे आधी करून पाहा म्हणजे आपल्या मुठीवर विश्वास बसेल. दिशा सांगताना 'पाटलांच्या विहिरीकडे' असं सांगितलं तर गावात चालतं, दौंडला चालत नाही. वायव्य, आग्नेय, नैर्ऋत्य, ईशान्य हे शब्द भूगोलाच्या पेपरपुरते नाहीत.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकापासून सुरुवात करावी, असं माझं मत. १९९८ च्या नोव्हेंबरात त्याचा पहिला भाग वर गेला. आज त्याची लांबी सुमारे १०९ मीटर आहे, म्हणजे जवळपास फुटबॉलच्या मैदानाएवढा पसारा, आणि त्याच्या मोठाल्या सौर पट्ट्या ऊन परतवतात. चांगल्या फेरीत ते गुरूपेक्षाही ठळक दिसतं. पांढरट-पिवळसर, स्थिर उजेड, लुकलुक नाही, आवाज नाही. नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे किंवा वायव्येकडून आग्नेयेकडे जातं, पाच-सहा मिनिटांत. डोक्यावर असताना एक मूठ पार करायला त्याला साधारण दहा सेकंद लागतात. हे गणित दहावीच्या पोरांना घालून बघा. सेकंदाला साडेसात किलोमीटरहून थोडा जास्त वेग, ४२० किलोमीटर अंतर, किती अंश? उत्तर सेकंदाला एक अंश येतं आणि मग संध्याकाळी गच्चीवर तेच उत्तर स्वतःच्या मुठीने मोजून मिळतं. पुस्तकातलं उत्तर आभाळात तपासता येतं, असे धडे किती आहेत आपल्याकडे?

गेल्या वर्षी, २०२५ च्या २५ जूनला आपले शुभांशू शुक्ला तिकडे निघाले आणि १५ जुलैला परत आले. त्या दिवसांत स्थानक आपल्यावरून जात होतं, त्यात आपला माणूस होता. पण ऐन पावसाळा. काय करणार!

गंमत पाहा. दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मध्ये 'अवकाश मोहिमा' नावाचा दहावा धडा आहे. निम्न कक्षा, मध्यम कक्षा, उच्च कक्षा, उपग्रहाचा वेग काढायचं सूत्र, सगळं आहे. निम्न कक्षेतला उपग्रह सुमारे ९० मिनिटांत एक फेरी मारतो हे पोरं पाठ करतात. पण त्यांना विचारा, की संध्याकाळी सातला शिरूरवरून गेलेलं स्थानक साडेआठला पुन्हा शिरूरवर येईल का? बहुतेक हो म्हणतात. नाही येत. तेवढ्या वेळात पृथ्वी पूर्वेकडे सुमारे २३ अंश फिरलेली असते, म्हणून पुढची फेरी आपल्यापासून दोन-अडीच हजार किलोमीटर पश्चिमेकडून जाते, आणि साडेआठला आपल्या डोक्यावर सावलीही चढलेली असते. हा प्रश्न परीक्षेत येत नाही. यायला हवा.

उंच कक्षेचा उपग्रह दाखवायचा असेल तर घराच्या पत्र्यावरची छत्री दाखवा. डीडी फ्री डिशची छत्री जीसॅट-१५ कडे तोंड करून असते. तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच. आपण ७४ अंशांच्या आसपास, म्हणून आपल्या छत्र्या आग्नेयेकडे बघतात. उपग्रह पृथ्वीच्या बरोबरीने फिरतो म्हणून छत्री एकदा पक्की केली की वळवावी लागत नाही. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण कुठे आहे ते बोटाने दाखवता येतं. गावातल्या प्रत्येक छत्रीने आधीच बोट केलेलं आहे.

आता चकाकीबद्दल, कारण खरा घोटाळा तिथेच होतो. उपग्रहाचा एखादा सपाट भाग नेमक्या कोनात आला की आरशाचा कवडसा पडावा तसा उजेड आपल्यावर पडतो. दिवा काही सेकंद भडकतो, मग मंद होतो. पाहणाऱ्याला वाटतं कुणीतरी बॅटरी मारली. याचे राजे होते इरिडियम उपग्रह. १९९७ पासून वर गेलेले, उपग्रह-फोनसाठीचे. मूळ योजना ७७ उपग्रहांची होती, म्हणून ७७ अणुअंक असलेल्या इरिडियम मूलद्रव्याचं नाव दिलं. पुढे ६६ वरच काम भागलं, नाव मात्र तेच राहिलं. त्यांना दाराएवढे तीन चकचकीत अँटेना होते. त्यांचा कवडसा पडला की दिवा शुक्राच्या वीस-पंचवीस पट भडकायचा, आणि तो कधी, कुठून, किती भडकेल हे सेकंदासह आधी सांगता यायचं. आकाशनिरीक्षकांची एक पिढी यावर पोसली. २०१७ ते २०१९ दरम्यान नवे उपग्रह आले, त्यांना तसे आरसे नाहीत, आणि जुने हळूहळू खाली आणून जाळले. तेव्हा जुन्या पुस्तकात इरिडियमची चकाकी पाहा असं लिहिलेलं असेल तर आता ती वाट पाहू नका.

आज तिची जागा स्टारलिंकने घेतली आहे. मे २०१९ मध्ये पहिले ६० एकदम सोडले, आणि आता वर सात हजारांहून जास्त आहेत. उड्डाणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ते एकामागे एक ओळीने जातात. दौंड जंक्शनच्या पोरांना हे समजवावं लागत नाही, ती सरळ 'मालगाडी' म्हणतात. वीस-पंचवीस दिव्यांची माळ, आवाज नाही, एकाच रेषेत, आणि पुढे जाता जाता एका ठरावीक जागी एकेक डबा विझत जातो. ते विझणं म्हणजे पृथ्वीची सावली. इथेच लोक म्हणतात, 'आपल्याला बघून लाईट बंद केली आणि पळाला.' चालता चालता पाच-दहा सेकंदांत मंद होत आभाळाच्या मधोमध नाहीसा होणारा दिवा ही खरं तर उपग्रहाची सर्वांत खात्रीची खूण आहे, आणि नेमकी तीच खूण आपल्याकडे चोराच्या खात्यावर जमा होते!

दुसरा प्रकार अजून फसवा. सूर्यास्तानंतर अडीच-तीन तासांनी, सूर्य जिथे खाली गेला त्या बाजूला क्षितिजाच्या जरा वर, एकाच जागी ठिणगी पेटते, काही सेकंदांत विझते, मिनिटाभराने पुन्हा तिथेच दुसरी पेटते. एकच वस्तू घिरट्या घालते आहे असं वाटतं. प्रत्यक्षात ते वेगवेगळे स्टारलिंक असतात. प्रत्येक जण त्या एका कोनात येतो तेव्हा त्याचा कवडसा आपल्यावर पडतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या विमानांच्या वैमानिकांनीही याला अज्ञात वस्तू समजून नोंदी केल्या होत्या. आणि तिसरा प्रकार, ठरावीक वेळाने भडकत-मंदावत जाणारा दिवा: तो बहुतेक वेळा वापरून झालेला रॉकेटचा टप्पा असतो, कोलांट्या खात फिरणारा.

विमानाचं काय? लोहगावला उतरणारी-उडणारी विमानं आपल्या आकाशात असतातच. खूप उंचावरचं विमान डोक्यावरून जाताना सेकंदाला एक-दीड अंश सरकतं, म्हणजे वेग पाहून विमान आणि उपग्रह वेगळे करता येत नाहीत. लुकलुकणारे पांढरे दिवे, एका पंखावर लाल आणि एकावर हिरवा, आणि मागून येणारी घरघर, यावर जा. ड्रोन थांबतो, मागे फिरतो, खाली उतरतो. जवळ असेल तर मोहोळ उठल्यासारखा आवाज येतो. बहुतेकांची बॅटरी अर्ध्या तासाच्या आत-बाहेर संपते. दोन तास एकाच जागी लकाकणारा दिवा ड्रोन नसतो. तो शुक्र, गुरू, नाहीतर हिवाळ्यात रंग बदलत लुकलुकणारा व्याध असतो.

एवढं करूनही शंका राहते. तेव्हा या लेखाच्या मथळ्याकडे या. शिरूर आणि दौंड यांच्यात सरळ रेषेत अंतर सुमारे ४५ किलोमीटर. एक डोळा मिटून बोटाकडे पाहा, मग दुसरा मिटून पाहा. बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखं दिसतं. बोट जवळ आणलं की जास्त सरकतं, लांब नेलं की कमी. शिरूर हा आपला एक डोळा, दौंड दुसरा. शिरूरमध्ये डोक्यावर दिवा दिसला की लगेच दौंडला फोन लावायचा. दौंडवाला म्हणाला, 'हो, मलाही जवळपास डोक्यावरच दिसतोय, जरासा वायव्येकडे, अर्ध्या मुठीच्या वर कललेला,' तर तो चारशे किलोमीटरवरचा उपग्रह. म्हणाला, 'इकडे वायव्येला पार खाली, मूठभर उंचीवर काहीतरी लुकलुकतंय,' तर ते दहा किलोमीटर उंचीवरचं विमान. म्हणाला, 'इकडे काहीच नाही,' आणि आभाळ तिकडेही मोकळं असेल, तर तुमच्या डोक्यावर जे आहे ते खाली आहे, जवळ आहे, ड्रोन असू शकतो. आता पोलीस पाटलांना फोन करा, खुशाल करा. आता तुमच्याकडे सांगायला काहीतरी आहे.

एका फोनचं काम. आपल्याकडे ग्रामसुरक्षा यंत्रणेचा एक कॉल केला की गावातल्या सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजतात. तो कॉल करण्याआधी हा एक फोन करावा, एवढीच माझी विनंती आहे.

आकाशातून खरोखर काही पडतच नाही असंही नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भ-मराठवाड्यात, मध्य प्रदेशातही लोकांनी जळत जाणारे गोळे पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं पडलं, आसपास गोळेही सापडले. चीनच्या चांग झेंग ३ बी या रॉकेटचा जुना टप्पा वातावरणात परतून जळाला असावा, असं उपग्रहांचा माग ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं. उल्का दोन सेकंदांत संपते; असा टप्पा मिनिटभर तरी, तुकडे होत, सावकाश जातो. सुदैवाने कुणाच्या डोक्यावर पडला नाही. १९७९ च्या जुलैत स्कायलॅब पडणार म्हणून आपल्याकडे केवढी धांदल उडाली होती ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आता मरायचंच आहे तर खाऊन घेऊ म्हणून कोंबड्या कापल्याच्या गोष्टी ऐकायला मिळतील. स्कायलॅबचे तुकडे पडले पश्चिम ऑस्ट्रेलियात. वरच्या कचऱ्याचा प्रश्न खरा आहे आणि तो वाढतो आहे. आपल्या शेजारी खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे. वर रेडिओ गोंगाट करणारे हजारो उपग्रह तिच्यासारख्या दुर्बिणींना नको असतात. पण त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, आम्हाला आधीच कामं कमी आहेत का? सर्वेक्षणं, याद्या, ऑनलाइन माहिती. मान्य. म्हणून मी वर्षातून एकच संध्याकाळ मागतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो, पावणेसात ते साडेसात हा उत्तम वेळ, पोरं आठच्या आत घरी. आणि हे बजावून सांगतो: शेतात, नदीकाठी, उसाच्या कडेला कुणालाही नेऊ नका. शिरूर तालुक्यात बिबट्याचं भय काल्पनिक नाही. शाळेची गच्ची, घराचं धाबं, चावडीपुढचं मैदान पुरे. रांजणगावच्या एमआयडीसीचा उजेड आड येत असेल तर येऊ द्या, अवकाश स्थानक त्यातूनही दिसतं. पुण्यात १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, आयुकाची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, पाबळला तर आपल्याच तालुक्यात विज्ञान आश्रम आहे. विचारलं तर माणसं मदत करतात.

'ॲप आहे की, मोबाइल वर धरला की नाव येतं,' असंही कुणी म्हणेल. ॲप वापराच. हेवन्स अबव्ह नावाच्या संकेतस्थळावर शिरूर किंवा दौंड हे ठिकाण निवडलं की कोणता उपग्रह किती वाजता, कोणत्या दिशेला उगवून किती उंच जाईल याचा तक्ता मिळतो. पण क्रम उलटा ठेवा. आधी मुलांनी डोळ्यांनी पाहून, मुठीने मोजून, वहीत लिहायचं. मग तक्त्याशी ताडून बघायचं. आधीच नाव कळलं की पाहणं थांबतं. पाठ्यपुस्तकाच्या गाइडचं होतं तेच.

वहीला रकाने पाडा. तारीख, वेळ, कुठून कुठे, किती मुठी उंच, लुकलुक होती का, आवाज होता का, ढग होते का, कसा नाहीसा झाला, दौंड काय म्हणालं. शेवटचा रकाना 'काय होतं' असा. तिथे 'कळलं नाही' लिहिलं तरी पूर्ण गुण द्या. आणि शिरूरच्या शाळांनो, दौंडच्या एखाद्या शाळेचा नंबर आधीच घेऊन ठेवा. ऐन वेळी शोधाशोध होते आणि तेवढ्यात स्थानक निघून गेलेलं असतं. दौंडला गाडी वीस मिनिटं थांबते, हे सहा मिनिटांच्या वर कुणासाठी थांबत नाही.